तार आणि दालन : ध्वनिगुणवत्तेच्या इतिहासाचा मावळ परिसराच्या संदर्भात एक अभ्यास

गोषवारा

घरगुती संगीतयंत्रणेतील जोडतारांवर मोठी रक्कम खर्च करण्याची प्रथा गेल्या चार-साडेचार दशकांत जगभर रूढ झाली. या खर्चाचा ध्वनीच्या गुणवत्तेशी कितपत संबंध आहे, याचा ऐतिहासिक दृष्टीने विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी पुणे जिल्ह्यातील मावळ व लोणावळा परिसर हा आधारप्रदेश म्हणून निवडला आहे. कार्ले व भाजे येथील शैलगृहे ध्वनी आणि अवकाश यांचे नाते दाखवितात, तर लोणावळ्याच्या जलाशयांवर उभारलेला विद्युत्‌प्रकल्प तारेचे खरे कार्य व मर्यादा स्पष्ट करतो. या दोन वारशांच्या प्रकाशात महाविद्यालयीन वर्ग व सभागृहे यांवरील ध्वनिविषयक खर्चाची दिशा कोणती असावी, हे लेखाच्या अखेरीस मांडले आहे.

बीजसंज्ञा : ध्वनिशास्त्र, निनादकाल, शैलगृह, जलविद्युत्, जोडतार, मावळ.

१. प्रस्तावना

उत्तम ध्वनीचा शौक ही काही आजची गोष्ट नव्हे. ग्रामोफोनच्या काळातही सुईची धार, तबकडीची स्वच्छता आणि कर्ण्याचा आकार यांवर रसिक तासन्‌तास वाद घालीत. मात्र १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून या शौकाला एक नवे वळण मिळाले. ॲम्प्लिफायर आणि लाउडस्पीकर यांना जोडणारी तार, दोन यंत्रांमधील संकेत वाहून नेणारी तार, इतकेच नव्हे तर भिंतीवरील प्लगपासून यंत्रापर्यंत वीज आणणारी दीड-दोन मीटरची तार हीदेखील स्वतंत्र विक्रीची आणि प्रतिष्ठेची वस्तू झाली. संपूर्ण यंत्रणेपेक्षा तारेची किंमत अधिक, असे प्रकारही बाजारात दिसू लागले.

हा केवळ मूठभर धनिकांच्या छंदाचा प्रश्न असता, तर त्याची दखल घेण्याचे फारसे कारण नव्हते. परंतु ज्या समजुतीतून हा खर्च होतो ती समजूत सार्वजनिक संस्थांतही आढळते. ध्वनी वाईट ऐकू येतो म्हणजे यंत्र वाईट आहे, आणि महाग यंत्र आणले की तो सुधारेल, अशी ती समजूत होय. शाळा-महाविद्यालयांच्या सभागृहांत नवे ॲम्प्लिफायर, नवे मायक्रोफोन, नव्या तारा येतात. तरीही मागच्या रांगेतील विद्यार्थ्याला वक्त्याचे शब्द स्पष्ट कळत नाहीत. ज्ञानदान ज्या माध्यमातून प्रामुख्याने होते ते माध्यम म्हणजे उच्चारलेला शब्द. तो श्रोत्यापर्यंत पोहोचत नसेल, तर हा प्रश्न शिक्षणाचा ठरतो.

या प्रश्नाचे उत्तर भौतिकशास्त्राने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दिले आहे. ते समजून घेण्यासाठी मावळाइतका अनुकूल प्रदेश दुसरा क्वचितच सापडेल. कारण ध्वनीसाठी निर्णायक ठरणारे दालन आणि वीज वाहून नेणारी तार या दोहोंच्या इतिहासातील महत्त्वाचे टप्पे येथे काही किलोमीटरच्या अंतरात आढळतात.

२. उद्दिष्टे व मर्यादा

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) मावळातील शैलगृहांच्या आधारे ध्वनी व वास्तू यांचा संबंध स्पष्ट करणे.
२) लोणावळा-खोपोली विद्युत्‌प्रकल्पाच्या आधारे तारेचे कार्य व तिची मर्यादा समजून घेणे.
३) जोडतारांच्या बाजारपेठेच्या उदयाचा व तिच्यावरील परीक्षणांचा आढावा घेणे.
४) महाविद्यालयीन वास्तूंतील ध्वनिविषयक खर्चासाठी अग्रक्रम सुचविणे.

लेखातील गणिते ज्ञात सूत्रांवर आधारलेली व ढोबळ आहेत. कोणत्याही विशिष्ट इमारतीचे मोजमाप येथे अभिप्रेत नाही.

३. मावळातील शैलगृहे : ध्वनी आणि अवकाश

कोकणातील बंदरे आणि देशावरील बाजारपेठा यांना जोडणाऱ्या बोरघाटाच्या माथ्यावर मावळ वसलेला आहे. या व्यापारी मार्गालगत इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकापासून भाजे, बेडसे व कार्ले येथे बौद्ध लेणी कोरली गेली. भाजे येथील विहारात एक स्त्री उभ्या तोंडाच्या जोडवाद्यावर वादन करीत आहे आणि दुसरी नृत्य करीत आहे, असे प्रसिद्ध शिल्प आहे. हे वाद्य आजच्या तबल्याचे पूर्वरूप मानावे किंवा कसे, याविषयी संगीताभ्यासकांत मतभेद आहेत. तो वाद बाजूला ठेवला, तरी मावळाच्या दगडात दोन हजार वर्षांपूर्वीच्या वादनाची नोंद आहे, हे नाकारता येत नाही.

कार्ले येथील महाचैत्य हा भारतातील शैलगृह-स्थापत्याचा कळस मानला जातो. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास पूर्णत्वास गेलेल्या या दालनाची लांबी सुमारे १२४ फूट, रुंदी सुमारे ४५ फूट व उंची सुमारे ४६ फूट अशी जुन्या सर्वेक्षणांत नोंदलेली आहे. मधला प्रशस्त भाग आणि बाजूच्या अरुंद वाटा यांच्यामध्ये दोन्ही बाजूंस पंधरा-पंधरा शिल्पांकित स्तंभ उभे आहेत. छताच्या गजपृष्ठाकार कमानीला सागवानी फासळ्या बसविलेल्या असून, त्यांपैकी बहुतेक मूळच्याच आहेत. दर्शनी भागी पिंपळपानाच्या आकाराचे भव्य चैत्यगवाक्ष आहे.

या दालनाचा खर्च कोणी केला, हे तेथील शिलालेखच सांगतात. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याने हे शैलगृह पूर्णत्वास नेले आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे, असा अभिमानाचा उल्लेख एका लेखात आहे. धेनुकाकट येथील यवनांनी एकेका स्तंभाचे दान केल्याचे लेख आहेत. दानकर्त्यांत व्यापारी आहेत, भिक्षू आहेत, कारागीरही आहेत. अर्थात त्या काळात सामूहिक पठण ऐकणाऱ्या समाजाने आपले द्रव्य दालनावर खर्च केले.

ध्वनीच्या दृष्टीने या दालनाचे वर्तन लक्षणीय आहे. बेसाल्टचा घासलेला दगड ध्वनी जवळपास शोषून घेतच नाही. त्यावर पडलेला ध्वनी परत फेकला जातो आणि दालनात पुनःपुन्हा फिरत राहतो. मूळ ध्वनी थांबल्यानंतरही जो मिसळलेला नाद काही काळ रेंगाळतो, त्यास येथे निनाद म्हटले आहे. ठरावीक अंतराने स्वतंत्रपणे ऐकू येणारा प्रतिध्वनी त्याहून निराळा. संथ लयीतील, मोजक्या स्वरांचे सामूहिक पठण निनादामुळे भरदार वाटते. कारण आधीचा स्वर पुढच्या स्वराला आधार देतो. तेच दालन भरभर बोलणाऱ्या वक्त्याला मात्र अनुकूल नाही, कारण एक अक्षर विरण्यापूर्वीच पुढची अक्षरे त्यावर येऊन आदळतात.

स्तंभांच्या रांगा आणि छताच्या फासळ्या ध्वनीला एकाच दिशेने परत न पाठविता विखुरतात. चैत्यगवाक्ष प्रकाशासाठी घडविले गेले. पण जो ध्वनी त्यातून बाहेर पडतो तो परत येत नाही, म्हणून त्याचा परिणाम निनादावरही होतो. हेच तत्त्व पुढे आधुनिक ध्वनिशास्त्राच्या मोजमापाचे एकक ठरले.

४. एका व्याख्यानगृहातून जन्मलेले शास्त्र

दालनाच्या ध्वनीला गणिती रूप मिळाले ते एका महाविद्यालयीन अडचणीतून. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १८९५ मध्ये फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत उभी राहिली. तिच्यातील व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कोणालाच समजेना. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी हा दोष दूर करण्याचे काम भौतिकशास्त्राचे तरुण अध्यापक वॉलेस सॅबाइन यांच्याकडे सोपविले. सॅबाइन यांच्यापाशी साधने होती ती फक्त ऑर्गनची नळी, कालमापक आणि स्वतःचे कान. रात्रीच्या शांततेत नळी वाजवून, ती थांबविल्यानंतर नाद ऐकू येईनासा होईपर्यंतचा काळ ते मोजीत. रिकाम्या व्याख्यानगृहात हा काळ सुमारे साडेपाच सेकंद भरला. माणूस एका सेकंदात चार-पाच अक्षरे सहज उच्चारतो, हे लक्षात घेतले तर वीस-पंचवीस अक्षरांचा गोंगाट एकाच वेळी श्रोत्याच्या कानी पडत होता, असे म्हणता येईल.

सॅबाइन यांनी जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणवून त्या टप्प्याटप्प्याने या दालनात ठेवल्या आणि प्रत्येक वेळी निनादकाल मोजला. गाद्या वाढत गेल्या तसतसा तो घटत जाऊन एका सेकंदाच्या जवळपास आला. या प्रयोगांतून १८९८ मध्ये जे सूत्र हाती आले ते आजही वापरात आहे. दालनाचे घनफळ घनमीटरमध्ये घेऊन त्यास ०.१६१ ने गुणावे व एकूण ध्वनिशोषणाने भागावे, म्हणजे निनादकाल सेकंदांत मिळतो. शोषणाचे एकक म्हणून सॅबाइन यांनी उघडी खिडकी स्वीकारली, कारण उघड्या खिडकीवर पडलेला ध्वनी पूर्णपणे बाहेर जातो. १९०० साली खुले झालेले बोस्टनचे सिंफनी हॉल हे या शास्त्राच्या आधारे रचना झालेले पहिले महत्त्वाचे संगीतगृह होय.

सॅबाइन यांच्या काळी व्याख्यानगृहात विजेवर चालणारे ध्वनिवर्धन नव्हते. दोष यंत्राचा असण्याची शक्यताच नसल्याने तो वास्तूत शोधावा लागला आणि तेथेच सापडला. पुढे यंत्रे आली, आणि वास्तूकडे पाहण्याची ही सवय मागे पडली.

५. लोणावळ्याचे पाणी आणि तारेचा धडा

तारेचे महत्त्व कोठे असते आणि कोठे नसते, हे समजून घेण्यासाठी पुन्हा मावळात यावे लागते. मुंबईच्या गिरण्यांना कोळशाऐवजी पाण्यापासून वीज पुरवावी, या हेतूने टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी १९१० मध्ये स्थापन झाली. फेब्रुवारी १९११ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे पावसाचे पाणी साठवून ते सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीच्या वीजगृहात सोडण्यात आले. फेब्रुवारी १९१५ मध्ये वीजपुरवठा सुरू झाला. या विस्ताराच्या पुढच्या टप्प्यात, शेजारच्या मुळशी पेट्यात, जमिनी पाण्याखाली जाण्याविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह उभा राहिला, याचेही येथे स्मरण ठेवले पाहिजे.

खोपोलीची वीज मुंबईस सुमारे सत्तर किलोमीटर दूर न्यायची होती. तांब्याच्या तारेलाही रोध असतो आणि लांबी वाढली की तो वाढतो. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून तीच शक्ती दहापट दाबाने पाठविली, तर प्रवाह एक दशांश होतो आणि तारेतील नाश एक शतांशावर येतो. यासाठीच खोपोलीहून वीज एक लाख व्होल्टच्या आसपास उच्च दाबाने पाठविण्यात आली. अभियंत्यांनी तारेच्या धातूत गूढ गुण शोधले नाहीत. लांबी, जाडी, दाब आणि प्रवाह यांचा हिशेब केला.

हाच हिशेब घरातील लाउडस्पीकरच्या तारेला लावता येतो. २.५ चौरस मिलिमीटर छेदाची साधी तांब्याची तार, जी घराच्या वायरिंगसाठी कोणत्याही विद्युत्‌साहित्याच्या दुकानात मिळते, ती पाच मीटर अंतरासाठी वापरली, तर जाण्या-येण्याच्या मिळून दहा मीटर तारेचा रोध सुमारे ०.०७ ओहम भरतो. लाउडस्पीकरचा रोध आठ ओहम धरला, तर तारेतील घट एक टक्क्याहून कमी, म्हणजे ध्वनिपातळीत एका डेसिबलच्या दहाव्या भागापेक्षाही कमी असते. एवढा फरक मानवी कानास जाणवत नाही. तारेचा धातू अधिक शुद्ध केला, तरी या नगण्य घटीतील अल्पसा अंश तेवढा वाचेल.

याउलट, सभागृहात तीस मीटर अंतरावर ०.५ चौरस मिलिमीटरची बारीक तार ओढली, तर तिचा रोध दोन ओहमच्या वर जातो आणि घट सुमारे दोन डेसिबल होते. शिवाय लाउडस्पीकरचा रोध प्रत्येक कंप्रतेला निराळा असल्याने स्वराचा पोतही बदलतो. हा फरक ऐकू येतो. त्यावरील उपाय म्हणजे जाड तार. महाग तार नव्हे.

अंतर फारच वाढले, तर दुसरा उपाय खोपोलीचाच आहे. रेल्वे स्थानकांवरील उद्‌घोषणांसाठी व मोठ्या आवारांसाठी १०० व्होल्ट लाइनची पद्धत वापरतात. शंभर वॉट शक्ती आठ ओहमच्या लाउडस्पीकरकडे थेट पाठविताना सुमारे साडेतीन अँपिअर प्रवाह लागतो. ट्रान्सफॉर्मरच्या साहाय्याने दाब १०० व्होल्टपर्यंत चढविला की तो एक अँपिअरवर येतो आणि त्याच तारेतील नाश सुमारे एक बारांश होतो.

तारेच्या लांबीमुळे संकेताचे रूप बदलते, हेही खरे आहे. पण ते कोणत्या अंतरावर, हा मुद्दा आहे. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालील तारायंत्राच्या तारांनी हा प्रश्न उपस्थित केला आणि विल्यम टॉमसन व ऑलिव्हर हेविसाइड यांनी त्याची मीमांसा केली. त्या तारा शेकडो-हजारो किलोमीटरच्या होत्या. माणसास ऐकू येणारी कमाल कंप्रता वीस हजार हर्ट्‌झ धरली, तर तारेतील तिची तरंगलांबी सुमारे दहा किलोमीटर येते, म्हणजे लोणावळा ते खंडाळ्याच्या अंतराहूनही अधिक. दिवाणखान्यातील तीन मीटरच्या तारेला समुद्रतळावरील तारेचे नियम लावणे सयुक्तिक नाही.

विजेच्या जोडतारेविषयी तर वेगळे सांगण्याची गरज नाही. वीजगृहापासून घरापर्यंत वीज अनेक उपकेंद्रांतून आणि कित्येक किलोमीटर उघड्या तारांतून येते. अखेरच्या दोन मीटरांनी तिचे शुद्धीकरण होईल, ही अपेक्षा व्यर्थ आहे. विजेच्या तारेकडून सुरक्षितता, पुरेशी जाडी आणि भक्कम अर्थिंग एवढेच मागावे.

६. तारेवाचूनचे संगीत

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातील पहिली पाव शतकाहून अधिक वर्षे तारेविनाच गेली, ही बाब अनेकदा विस्मरणात जाते. फ्रेड गायझबर्ग यांनी १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित केले, तेव्हा गायिकेपुढे होता तो केवळ कर्णा. आवाजाच्या लहरी पडद्याला आणि पडदा सुईला हलवी. मायक्रोफोन व विद्युत्‌मुद्रण १९२५ नंतर रूढ झाले.

पुण्यात १९१३ मध्ये आर्य संगीत विद्यालय स्थापन करणारे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या १९३० च्या दशकातील ध्वनिमुद्रिका आजही रसिक आवडीने ऐकतात. त्या तबकड्यांची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. मुद्रित कंप्रतांचा पल्ला आजच्या तुलनेत तोकडा. सुईची खरखर सतत सोबतीला. तरीही स्वराचा लगाव श्रोत्यापर्यंत पोहोचतो, कारण गायन आणि मुद्रण हे या साखळीचे पहिले दुवे आहेत. तेथे जे हरवले ते पुढची कोणतीही तार परत आणू शकत नाही. आणि तेथे जे साधले ते साध्या तारेने बिघडत नाही.

७. जोडतारांच्या बाजारपेठेचा उदय

१९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत लाउडस्पीकर जोडण्यासाठी टेबलावरच्या दिव्याला वापरतात तशी साधी जोडतार वापरली जाई. १९७९ च्या सुमारास अमेरिकेत नोएल ली यांनी मॉन्स्टर केबल ही कंपनी सुरू केली आणि जाड, आकर्षक आवरणाची तार स्वतंत्र उत्पादन म्हणून विकण्यास आरंभ केला. बारीक तारेऐवजी जाड तार वापरावी, हा त्यातील भाग योग्यच होता. परंतु पुढे धातूची शुद्धता, चांदीचा मुलामा, तारेच्या विणीची दिशा, तार काही तास वाजवून मुरविणे अशा दाव्यांची मालिका सुरू झाली आणि किमती त्या प्रमाणात चढल्या.

भारतात आयात निर्बंधांच्या काळात हा शौक मर्यादित होता. कोलकात्याची सोनोडाइन, मुंबईची कॉस्मिक यांसारख्या देशी कंपन्यांची यंत्रे, तसेच मुंबईतील लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातील तपकीर गल्ली येथील सुट्या भागांतून स्वतः जुळविलेले ॲम्प्लिफायर, हेच बहुतेकांचे साधन होते. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर परदेशी यंत्रे आली आणि त्यांच्या पाठोपाठ तारांचे तत्त्वज्ञानही आले.

या दाव्यांची परीक्षाही याच काळात झाली. १९८३ मध्ये ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकन मासिकात लॉरेन्स ग्रीनहिल यांनी जोडतारांच्या श्रवणचाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. फार बारीक तार आणि जाड तार यांतील फरक श्रोत्यांना विशिष्ट परीक्षण-ध्वनीवर ओळखता आला. मात्र पुरेशी जाड साधी तार आणि महाग तार यांत संगीत ऐकताना विश्वसनीय फरक करता आला नाही. वरील गणिताशी हा निष्कर्ष तंतोतंत जुळतो. २००७ मध्ये जेम्स रँडी यांनी ७,२५० डॉलर किमतीची लाउडस्पीकर-तार साध्या तारेपासून केवळ ऐकून ओळखणाऱ्यास आपल्या प्रतिष्ठानाचे दहा लाख डॉलरचे पारितोषिक देऊ केले. बोलणी झाली, पण चाचणी प्रत्यक्षात आली नाही.

मग असंख्य प्रामाणिक रसिकांना फरक का जाणवतो? त्यांच्यावर अप्रामाणिकपणाचा आरोप करणे अन्यायाचे होईल. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये सादर केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, तेच लाउडस्पीकर समोर दिसत असताना श्रोत्यांनी दिलेले गुण आणि पडद्याआड असताना दिलेले गुण यांत लक्षणीय तफावत पडते. अनुभवी श्रोतेही याला अपवाद नव्हते. किंमत, रूप आणि अपेक्षा यांचा संस्कार श्रवणावर होतो. त्यात आवाजाची पातळी किंचित वाढली, तरी मन तिला ‘अधिक स्पष्ट’ असे नाव देते. म्हणूनच पातळी समान राखून आणि ओळख लपवून घेतलेली चाचणी हीच ग्राह्य मानावी लागते.

८. ध्वनिगुणवत्तेचे खरे निर्धारक घटक

आतापर्यंतच्या विवेचनावरून ध्वनीवर परिणाम करणाऱ्या घटकांचा क्रम लावता येतो. मूळ गायन-वादन व मुद्रण यांनंतर सर्वाधिक प्रभाव लाउडस्पीकरचा आणि तो ज्या खोलीत वाजतो त्या खोलीचा असतो. चार मीटर लांबीच्या खोलीत सुमारे ४३ हर्ट्‌झ कंप्रतेला दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये अनुस्पंदन होते. परिणामी एका ठिकाणी डग्ग्याचा घुमार अवाजवी वाढतो आणि दुसऱ्या ठिकाणी तो जवळपास नाहीसा होतो. हा फरक दहा डेसिबलहूनही अधिक असू शकतो. लाउडस्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढणे, बैठकीची जागा बदलणे, समोर जाजम अंथरणे, पुस्तकांची मांडणी मागील भिंतीशी करणे या बिनखर्चाच्या उपायांनी होणारा बदल तारेच्या बदलापेक्षा कितीतरी पटींनी मोठा असतो.

लोणावळ्यासारख्या ठिकाणी हवामान हाही घटक दुर्लक्षिता येत नाही. वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या या गावात दमटपणामुळे तबल्याची पुडी सैल पडून स्वर उतरतो, लाउडस्पीकरच्या कडेचा फोम विरतो आणि जोडण्यांच्या धातूवर गंज चढतो. तारेविषयीची बहुतेक खरी तक्रार तारेच्या आतली नसून तिच्या टोकाची असते. जोडणी स्वच्छ व घट्ट ठेवणे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे. मायक्रोफोनच्या लांब तारेसाठी मात्र आच्छादित, संतुलित पद्धतीची तार आवश्यक ठरते. अन्यथा विजेच्या तारांची गुणगुण तिच्यात शिरते. तारेवरील योग्य खर्च तो हाच.

९. महाविद्यालयीन वर्ग व सभागृहांसंदर्भात

सॅबाइन यांचे सूत्र आपल्या परिचित वर्गखोलीला लावून पाहू. नऊ मीटर लांब, सात मीटर रुंद व साडेतीन मीटर उंच खोलीचे घनफळ सुमारे २२० घनमीटर आणि एकूण पृष्ठफळ सुमारे २३८ चौरस मीटर होते. प्लास्टरच्या भिंती, सिमेंटचे छत आणि फरशी यांचे शोषण सरासरी तीन टक्के धरले, तर एकूण शोषण सुमारे सात एकके भरते आणि रिकाम्या खोलीचा निनादकाल पाच सेकंदांच्या आसपास येतो. साठ विद्यार्थी बसले की त्यांच्या देहांमुळे व कपड्यांमुळे शोषण वाढून निनादकाल सुमारे एक सेकंदावर उतरतो. एवढ्या आकाराच्या वर्गासाठी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन मानकात ०.६ सेकंदांची मर्यादा सांगितली आहे. तेथवर पोहोचण्यासाठी आणखी सुमारे २५ एकके शोषण हवे. सत्तर टक्के ध्वनी शोषणारे फलक वापरले, तर ते सुमारे ३५ चौरस मीटर, म्हणजे छताच्या निम्म्याहून थोड्या अधिक भागावर बसवावे लागतील.

खिडक्या उघड्या असताना प्रत्येक चौरस मीटर उघड्या भागामागे एक एकक शोषण आपोआप मिळते. परंतु मावळात पावसाळ्याचे चार महिने खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. म्हणजे शैक्षणिक वर्षाच्या आरंभीच्या महिन्यांत, बाहेर पावसाचा गजर वाढलेला असतानाच, वर्ग हे शोषण गमावतो. पत्र्याचे छप्पर असल्यास पावसाचा आवाजच वक्त्यावर मात करतो.

अशा वर्गात किंवा सभागृहात मायक्रोफोनचा आवाज वाढविल्याने प्रश्न सुटत नाही. वक्त्याचा शब्द जितका मोठा होतो, त्याच प्रमाणात त्याचा निनादही मोठा होतो. दोहोंचे परस्पर प्रमाण तसेच राहते. म्हणून खर्चाचा क्रम पुढीलप्रमाणे असावा, असे वाटते : प्रथम छत व मागील भिंतीवरील ध्वनिशोषक आच्छादन आणि जाड पडदे, त्यानंतर पंखे, जनित्र व रहदारी यांच्या गोंगाटाचे नियंत्रण, मग श्रोत्यांच्या दिशेने रोखलेले व योग्य उंचीवर बसविलेले लाउडस्पीकर, मायक्रोफोन वापरण्याचे वक्त्यांना प्रशिक्षण, आणि सर्वांत शेवटी पुरेशा जाडीची, साधी, भक्कम जोडणीची तार. खरेदीपूर्वी रिकाम्या सभागृहात टाळी वाजवून तिचा नाद किती वेळ रेंगाळतो हे ऐकणे, ही बिनखर्चाची पहिली परीक्षा प्रत्येक खरेदी समितीला करता येण्याजोगी आहे. भौतिकशास्त्र विभागाच्या विद्यार्थ्यांकरवी आपल्याच वास्तूचा निनादकाल मोजून घेतला, तर तो एक उपयुक्त प्रकल्पही ठरेल.

१०. निष्कर्ष

१) कार्ल्याच्या महाचैत्यापासून बोस्टनच्या संगीतगृहापर्यंतचा इतिहास असे दर्शवितो की, ध्वनीचे रूप मुख्यतः दालनाचा आकार, पृष्ठभाग व उघडा भाग यांवरून ठरते.

२) लोणावळा-खोपोली प्रकल्पाने तारेचे जे गणित सिद्ध केले तेच ध्वनियंत्रणेलाही लागू पडते. लांबी, जाडी, दाब व प्रवाह यांचा मेळ बसला की तारेचे काम पूर्ण होते. त्यापलीकडील किंमत ध्वनीत उतरत नाही.

३) महाग तारेमुळे जाणवणारा फरक हा बहुतांशी अपेक्षेचा परिणाम असून, ओळख लपवून घेतलेल्या चाचण्यांत तो टिकत नाही.

४) शैक्षणिक संस्थांनी ध्वनिविषयक खर्चात वास्तूला अग्रक्रम द्यावा. यंत्रे काही वर्षांत कालबाह्य होतात. छत व भिंती यांत केलेली सुधारणा अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडते.

वैजयंतीच्या श्रेष्ठीने आणि धेनुकाकटच्या दात्यांनी आपले धन स्तंभांत व कमानींत गुंतविले, आणि सुमारे दोन सहस्रकांनंतरही ते दालन उच्चारलेल्या प्रत्येक शब्दाला प्रतिसाद देते. त्यांच्या धनाचा हा विनियोग आजच्या खरेदी समित्यांनीही विचारात घ्यावा.